निरोप पोचतो, पाणी मात्र वाचत नाही

उन्हाळा लागला की एक सल्ला हमखास कानावर येतो: लघवीचा रंग बघत जा. गडद पिवळी असेल तर अंगात पाणी कमी पडतंय, फिकट असेल तर ठीक चाललंय. सल्ला सोपा आहे, चांगला आहे आणि बहुतेकांना लागूही पडतो. पण गोंदिया जिल्ह्यात, आणि एकूणच पूर्व विदर्भात, अशी बरीच माणसं आहेत ज्यांच्यासाठी तो फसवा ठरू शकतो. त्यांच्या अंगातलं पाणी आटत असतं आणि लघवी मात्र फिकटच येत राहते. ही माणसं म्हणजे सिकलसेलचे रुग्ण.

सिकलसेल म्हटलं की आपल्याला रक्त आठवतं, सांधे आठवतात, असह्य दुखणं आठवतं. किडनी सहसा आठवत नाही. माझ्या पीएच.डी.चा विषय शरीरशास्त्राचा इतिहास हा आहे, आणि त्यात मला सतत भेटणारी गोष्ट म्हणजे दोन वेगळ्या वाटांनी चाललेले शोध अचानक एका चौकात येऊन मिळणं. शरीरातलं पाणी राखणाऱ्या हार्मोनचा शोध ही एक वाट. विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशींचा शोध ही दुसरी. या दोन वाटा १९५६ साली नीट एकत्र आल्या. तो चौक आज गोंदियाच्या माणसाला का माहीत असावा, हे या लेखात सांगायचा प्रयत्न करतो.

रोजचे १८० लिटर

आधी किडनीचा हिशेब बघू. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला साधारण १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात. आपल्या अंगातलं सगळं रक्त पाच लिटरच्या आसपास, म्हणजे तोच तो द्रव पुन्हा पुन्हा गाळला जातो. लघवी मात्र होते दीड लिटरच्या आसपास. बाकीचं सगळं परत घेतलं जातं. त्यातला मोठा भाग किडनी कुणाला न विचारता परत घेते. शेवटचा जो थोडा भाग उरतो, त्याचं काय करायचं हे मात्र परिस्थिती पाहून ठरतं. भरपूर पाणी प्यायलात तर ते सोडून द्यायचं, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला जंगलात गेलात तर थेंबन् थेंब वाचवायचा.

हे ठरवतं कोण? याचं उत्तर मिळायला शंभराहून जास्त वर्षं लागली.

गोड नसलेला प्रमेह

खूप लघवी होण्याचा आजार जुनाच. आयुर्वेदाच्या ग्रंथांत प्रमेहाचे वीस प्रकार सांगितलेत, त्यात मधुमेह आहे तसा पाण्यासारखी स्वच्छ लघवी होणारा ‘उदकमेह’ही आहे. युरोपात १७९४ साली योहान पेटर फ्रांक या वैद्याने गोड लघवीचा आणि गोड नसलेल्या लघवीचा आजार वेगवेगळा मांडला. या दुसऱ्या आजारात माणसाला दिवसाला दहा-पंधरा लिटरही लघवी होऊ शकते. तो रात्रभर पाणी पितो आणि रात्रभर उठतो.

कारण कळलं ते १९१३ मध्ये. जर्मनीत फॉन डेन फेल्डेन आणि इटलीत फारिनी या दोघांनी अशा रुग्णांना मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीच्या मागच्या भागाचा अर्क टोचला, आणि लघवी कमी झाली. वाटाण्याएवढी ग्रंथी, आणि तिच्या अर्काने माणसाची तहान आवरते!

पण हा अर्क थेट किडनीवर काम करतो, की मज्जातंतूंमार्फत, की रक्तदाब बदलून? हा वाद मिटवला लंडनच्या अर्नेस्ट स्टार्लिंग आणि ई. बी. वर्नी यांनी, १९२४-२५च्या सुमारास. (‘हार्मोन’ हा शब्द १९०५ मध्ये व्याख्यानातून रूढ केला तो याच स्टार्लिंगने.) त्यांनी कुत्र्याची किडनी शरीराबाहेर काढून हृदय-फुप्फुसाच्या जोडणीवर जिवंत ठेवली. मेंदूशी नातं तुटलेली ती किडनी भरमसाट आणि पातळ लघवी करत राहिली. रक्तात पिट्युटरीचा अर्क मिसळल्यावर लघवी कमी झाली आणि दाट झाली. मज्जातंतू नाहीत, मेंदू नाही, तरी परिणाम होतोय. म्हणजे निरोप रक्तातूनच येतो.

मग वर्नीने पुढचा प्रश्न घेतला: निरोप पाठवायचा की नाही, हे मेंदूला कळतं कसं? त्याने कुत्र्यांच्या मेंदूकडे जाणाऱ्या रक्तात खारट द्रावण सोडून पाहिलं. रक्त जरासं, टक्का-दोन टक्के, जास्त खारट झालं तरी लघवी आटायची. १९४७ मध्ये त्याने मांडलं की मेंदूत रक्ताचा दाटपणा मोजणारी यंत्रणा आहे. ती आपल्या सगळ्यांच्या डोक्यात आहे, आणि तहानही याच दाटपणाच्या मोजमापावर लागते.

या हार्मोनचं नाव व्हॅसोप्रेसिन. नऊ अमिनो आम्लांची छोटीशी साखळी. ती हायपोथॅलॅमसमध्ये तयार होते आणि पिट्युटरीत साठवली जाते. व्हिन्सेंट द्यु व्हिन्यो यांनी तिची रचना उलगडून ती प्रयोगशाळेत बनवली. त्यांना १९५५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

पाण्याचा कारभार एकट्या व्हॅसोप्रेसिनचा नाही, हेही सांगायला हवं. मिठाचा हिशेब रेनिन (१८९८) आणि अल्डोस्टेरॉन (१९५३) यांच्या साखळीकडे असतो; घामातून मीठ गेलं की ती किडनीला मीठ राखायला लावते. उलट, अंगात पाणी-मीठ जास्त झालं की हृदयच एक हार्मोन सोडून ते बाहेर काढायला सांगतं; तो शोध १९८१ चा. पण लघवी दाट करायची की पातळ, हा निर्णय मुख्यतः व्हॅसोप्रेसिनचा. म्हणून आज त्याच्याच मागे जाऊ.

मीठ लावलेली कैरी

निरोप मिळाल्यावर किडनी नेमकं करते काय? इथे एक अडचण होती. शरीरात पाणी ‘उचलून’ नेणारा पंपच नाही. पाणी फक्त एकाच नियमाने हलतं: जिकडे खारट, तिकडे पाणी. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की थोड्या वेळात ताटलीत पाणी सुटतं. मिठाने ते बाहेर ओढलेलं असतं. किडनीही हेच करते.

किडनीचा आतला गाभा विलक्षण खारट असतो. रक्ताचा दाटपणा २९० मिलिऑस्मोलच्या आसपास, तर गाभ्याच्या टोकाशी तो १,२०० पर्यंत जातो, म्हणजे जवळपास चौपट. १९५१ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये विर्त्झ, हार्गिताय आणि कून यांनी उंदरांच्या गोठवलेल्या किडनीच्या चकत्या घेऊन, बर्फ किती तापमानाला वितळतो यावरून हे दाखवलं. जितकं आत जावं तितका खारटपणा वाढत जातो.

या खारट गाभ्यातून लघवीच्या शेवटच्या नळ्या खाली उतरतात. एरवी त्यांच्या भिंतीतून पाणी फारसं जात नाही. व्हॅसोप्रेसिन आलं की भिंतीत पाण्याची दारं उघडतात आणि बाहेरचं मीठ पाणी ओढून घेतं. ही दारं म्हणजे ॲक्वापोरिन नावाची प्रथिनं. त्यांच्या शोधासाठी पीटर ॲग्रे यांना २००३ मध्ये नोबेल मिळालं.

म्हणजे पाणी वाचवायला दोन गोष्टी लागतात: दार उघडणारं हार्मोन आणि दाराबाहेर ओढ लावणारं मीठ. यातलं एक असून भागत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे.

गाभ्यातलं हे मीठ वाहून जाऊ नये म्हणून तिथल्या रक्तवाहिन्याही खास असतात. केसांहून बारीक, सरळ खाली जाऊन वळून परत वर येणाऱ्या. रक्त त्यांतून संथ वाहतं. जोरात वाहिलं असतं तर सगळं मीठ धुऊन नेलं असतं.

शिकागोतला विद्यार्थी

आता दुसरी वाट. १९०४ च्या डिसेंबरात शिकागोच्या एका रुग्णालयात ग्रेनाडा बेटावरून आलेला दंतवैद्यकाचा विद्यार्थी दाखल झाला, वॉल्टर क्लेमंट नोएल. त्याच्या रक्तात शिकाऊ डॉक्टर अर्नेस्ट आयर्न्स यांना लांबट, विळ्यासारख्या पेशी दिसल्या. १९१० मध्ये त्यांचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी हा रुग्ण छापून जगासमोर मांडला. सिकलसेलचं वैद्यकातलं हे पहिलं सविस्तर वर्णन.

त्या लेखात पेशींच्या गर्दीत एक बारीकशी नोंद आहे: रुग्णाची लघवी प्रमाणाने जास्त आणि पातळ होती. तेव्हा त्याचा अर्थ लावायची सोयच नव्हती. पिट्युटरीच्या अर्काचा तो प्रयोग व्हायला अजून तीन वर्षं होती.

१९४९ मध्ये लायनस पॉलिंग यांच्या प्रयोगशाळेतून जाहीर झालं की सिकलसेल हा हिमोग्लोबिनच्या रेणूतला दोष आहे. १९५६-५७ मध्ये व्हर्नन इन्ग्राम यांनी दाखवलं की फरक फक्त एका अमिनो आम्लाचा आहे: ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. प्राणवायू कमी झाला की हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून दोरखंडासारखं होतं आणि पेशी विळ्याचा आकार घेते.

नीलगिरी, आसाम, नागपूर

हा आजार आफ्रिकी वंशाच्या लोकांचाच, अशी तोवर समजूत होती. १९५२ मध्ये लेमान आणि कटबुश यांना नीलगिरीच्या आदिवासींत या पेशी सापडल्या. त्याच वर्षी आसामच्या चहामळ्यांतल्या मजुरांतही त्या आढळल्याचं प्रसिद्ध झालं. आणि १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी यांनी ‘लॅन्सेट’मध्ये आपल्या भागातला सिकलसेल नोंदवला.

त्या काळाचा नकाशा आठवा. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात. १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात, मग मुंबई राज्यात, १९६० पासून महाराष्ट्रात. वेगळा गोंदिया जिल्हा झाला १ मे १९९९ ला. पण नकाशावरच्या रेघा कितीही हलल्या तरी पट्टा एकच: गोंदिया, पलीकडे बालाघाट, राजनांदगाव, खाली गडचिरोली. जंगल, तलाव, धानाच्या बांध्या आणि मलेरिया.

मलेरियाचा इथे थेट संबंध आहे. ॲन्थनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेत दाखवलं की ज्यांना सिकलसेलचं जनुक एकाच पालकाकडून मिळालंय, म्हणजे जे वाहक आहेत, त्यांना जीवघेण्या मलेरियापासून संरक्षण मिळतं. त्यामुळे जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया, तिथे हे जनुक टिकून राहिलं. ‘अमक्या जातीचा आजार’ असं कुणी म्हणालं तर त्याला हे सांगा. पूर्व विदर्भात तो आदिवासींत आहे, दलितांत आहे, इतर मागास समाजांतही आहे.

१९५६: दोन वाटा एकत्र

पॉलिंग यांच्या १९४९ च्या शोधनिबंधात हार्वी इटानो हे एक नाव आहे. जपानी वंशाचा अमेरिकन तरुण. १९४२ मध्ये विद्यापीठात अव्वल आला, पण युद्धामुळे त्याच्या समाजातल्या अनेकांसारखं त्यालाही छावणीत डांबलं गेलं. तिथून सुटून तो डॉक्टर झाला आणि मग पॉलिंगकडे पीएच.डी. करायला गेला. म्हणजे वैद्यकाचा इतिहास बदलणारा तो प्रयोग करताना तोही आमच्यासारखा संशोधक विद्यार्थीच होता. (आमच्या जमातीला तेवढाच धीर!)

याच इटानोचं नाव १९५६ च्या आणखी एका निबंधात आहे, कायटेल आणि थॉम्प्सन यांच्यासोबत. सिकलसेलच्या मुलांची लघवी दाट का होत नाही, हा त्यांचा प्रश्न. त्यांनी मुलांना निरोगी रक्त भरलं, आणि लहान मुलांच्या किडनीला लघवी दाट करणं पुन्हा जमू लागलं. वय वाढलेल्या रुग्णांत मात्र तसं झालं नाही.

याचा अर्थ नीट बघा. हार्मोनचा दोष असता तर हार्मोन देऊन सुधारणा झाली असती. पण या रुग्णांना बाहेरून व्हॅसोप्रेसिन दिलं तरी लघवी दाट होत नाही. ते अंगात असतंच, निरोप पोचलेलाच असतो. बिघाड दाराबाहेरच्या मिठाचा आहे.

आणि तो बिघाड होतो कसा, हे कळलं की थक्क व्हायला होतं. किडनीचा गाभा खारट. तिथे प्राणवायू कमी. आम्लता जास्त. रक्त संथ. आता सिकलसेलची पेशी कशाने वाकडी होते? प्राणवायू कमी झाला की, आम्लता वाढली की, आणि खारटपणाने पेशीतलं पाणी ओढलं जाऊन हिमोग्लोबिन दाटलं की. म्हणजे जी जागा शरीराचं पाणी वाचवण्यासाठी घडलीय, तीच जागा या पेशींसाठी अख्ख्या शरीरातली सगळ्यात वाईट जागा आहे. तिथल्या बारीक वाहिन्यांत पेशी अडकतात, वाहिन्या बुजत जातात आणि मीठ राखण्याची व्यवस्था मोडते. १९७० मध्ये स्टेटियस व्हॅन एप्स आणि सहकाऱ्यांनी किडनीच्या सूक्ष्म क्ष-किरण चित्रांत हे दाखवलं: निरोगी किडनीत सरळ उतरणाऱ्या वाहिन्यांच्या जुड्या दिसतात, सिकलसेलच्या किडनीत त्या जवळपास नाहीशा झालेल्या.

लहानपणी वाहिन्या नुसत्या अडलेल्या असतात, म्हणून रक्त भरल्यावर मोकळ्या होतात. पुढे त्या कायमच्या जातात.

एक लिटरचा हिशेब

‘लघवी दाट होत नाही’ हे ऐकायला किरकोळ वाटतं. म्हणून साधा हिशेब करू.

शरीराला रोज साधारण ६०० मिलिऑस्मोल एवढे टाकाऊ पदार्थ लघवीतून बाहेर टाकावेच लागतात. निरोगी किडनी १,२०० पर्यंत दाट लघवी करू शकते, म्हणजे तिचं काम अर्ध्या लिटरमध्ये भागतं. सिकलसेलच्या मोठ्या रुग्णाची किडनी ४०० ते ४५० च्या पुढे सहसा जात नाही. ४०० धरले तर त्याच कामाला दीड लिटर पाणी लागतं.

फरक एक लिटरचा. रोजचा. पाणी प्यायलं नाही तरी जाणारा.

आता हा एक लिटर मे महिन्यात ठेवून बघा. पारा ४४ अंशांच्या आसपास, वर घामाचं पाणी वेगळं. किंवा जुलैच्या दमट उन्हात चिखलात वाकून दिवसभर रोवणी. पाणी कमी पडलं की रक्त दाटतं, पेशीतलं पाणी आटतं, पेशी वाकड्या होतात आणि दुखण्याचा झटका येतो. झटक्यात ताप, उलट्या असतील तर पाणी आणखी जातं. हे चक्र एकदा फिरायला लागलं की थांबवणं कठीण.

आणि या सगळ्यात लघवी फिकटच. ज्या खुणेवर आपण विसंबतो, ती खूणच इथे गप्प असते. तपासणाऱ्यालाही ‘लघवी होतेय, पातळ होतेय, म्हणजे पाणी कमी नाही’ असं वाटू शकतं.

मग करायचं काय?

मी डॉक्टर नाही, तेव्हा औषधांचं तुमचे डॉक्टर सांगतील. पण या इतिहासातून निघणाऱ्या चार गोष्टी सांगतो.

एक, सिकलसेलच्या माणसाने लघवीच्या रंगावर भिस्त ठेवू नये. घड्याळ लावून, थोडंथोडं, दिवसभर पाणी प्यावं. जास्तीचं पाणी सोडून देण्याची किडनीची ताकद या आजारात सहसा शाबूत असते. बिघाड वाचवण्यात आहे, सोडण्यात नाही. ज्यांना डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलंय, त्यांनी अर्थातच तेच ऐकावं.

दोन, मूल रात्री अंथरूण ओलं करतं म्हणून त्याला रागावू नका, आणि संध्याकाळपासून पाणी बंद तर मुळीच करू नका. सिकलसेलच्या मुलांत हे जास्त दिसतं आणि त्याचं एक कारण तुम्ही आत्ताच वाचलंत. शिक्षकांनीही वर्गातून पाण्याला आणि लघवीला जाऊ द्यावं. बाईमाणसं शेतावर आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणी कमी पितात, हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. सिकलसेल असलेल्या बाईला ही सवय फार महागात पडू शकते. हा प्रश्न तिच्या निष्काळजीपणाचा नाही, आडोशाचा आहे.

तीन, दुखलं की दुकानातून वेदनाशामक गोळी आणणं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन नावाचे स्थानिक निरोप बंद करतात, आणि किडनीच्या गाभ्याचा रक्तपुरवठा राखण्यात त्याच निरोपांचा हात असतो. आधीच अडचणीतल्या किडनीला हा दुसरा दणका. विचारल्याशिवाय घेऊ नका.

चार, वाहकांबद्दल. ‘तुम्ही फक्त वाहक, तुम्हाला काही नाही’ हे बहुतांशी खरं आहे. पण वाहकांच्या किडनीचीही पाणी वाचवण्याची ताकद वयासोबत थोडीफार घटते, आणि कधी लघवीतून रक्त जाऊ शकतं. घाबरायचं कारण नाही, पण कडक उन्हात कष्ट करताना पाण्याची चालढकल करू नये.

१ जुलै २०२३ ला शहडोलमध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून उरू नये, हे उद्दिष्ट. तपासण्या होतायत, कार्डं वाटली जातायत, हायड्रॉक्सियुरियासारखी औषधं मिळतायत, हे सगळं हवंच. पण २०४७ च्या आधी बरेच उन्हाळे यायचेत. उष्माघाताच्या पत्रकात, लघवीच्या रंगाच्या सल्ल्याखाली एक ओळ वाढवायला फार खर्च येत नाही: ‘सिकलसेल असेल तर रंगावर जाऊ नका, पाणी पीत राहा.’

तुमच्या गावात आशाताई, शिक्षक किंवा आरोग्यसेवक ओळखीचे असतील तर त्यांना हे जरूर सांगा. पुढच्या लेखात अल्डोस्टेरॉनकडे, म्हणजे मिठाच्या हिशेबाकडे वळू.